आईंचे गुडघे आणि महिनाअखेरची सूट

पत्र थोडक्यात असं : नागपूरच्या ३९ वर्षांच्या एक ताई लिहितात. बँकेत नोकरी, आईसोबत राहतात, भाऊ पुण्याला. आई ६८ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दोन्ही गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. ताज्या एक्स-रेवर उजव्याला ग्रेड ३, डाव्याला ग्रेड ४ (म्हणजे झिजेचा शेवटचा टप्पा) असं लिहून आलंय. वजन ७८ किलो, शुगर आहे. हाडांच्या डॉक्टरांनी डावा गुडघा बदलायला सांगितला. आईंच्या भिशीतल्या एका मैत्रिणीनं दुसऱ्या एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथे कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतला मगज काढतात, त्यातल्या ‘स्टेम सेल’ (ज्यांतून शरीरातल्या दुसऱ्या पेशी बनू शकतात, अशा मूळ पेशी) वेगळ्या करून त्याच दिवशी गुडघ्यात सोडतात. दोन्ही गुडघ्यांचे ३ लाख २० हजार. महिना संपायच्या आत ठरवलं तर २० टक्के सूट. ताईंनी ५ हजार भरून नाव नोंदवलं आहे. तिथे त्यांना सांगितलं गेलं, की पेशी स्वतःच्याच असल्यामुळे साइड इफेक्ट नाही, गुडघ्यातली झिजलेली गादी पुन्हा तयार होते आणि ऑपरेशन टळतं. भाऊ म्हणतो, बदलून टाका आणि मोकळे व्हा. ताईंची एफडी मोडायची तयारी आहे. त्यांचा प्रश्न : हे करावं का, ‘आणि नाही केलं तर आईसाठी मी काही केलंच नाही, असं वाटत राहील का?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानांत डॉक्टर बोलतात, क्लिनिकमधली समुपदेशक मुलगी बोलते, भाऊ फोनवरून बोलतो, भिशीवाल्या मावशी तर भरपूरच बोलतात. आई बोलल्या आहेत एकदाच, तिसऱ्या पानाच्या तळाशी : ‘औंदा महालक्ष्म्यांचा स्वयंपाक मले उभ्यानं करता आला पाहिजे.’ त्या ओळीखाली मी पेन्सिलनं रेघ मारून ठेवली आहे. तिच्याकडे परत येते.

मी डॉक्टर नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी गुडघ्यांत गेली. त्यामुळे कोणतं इंजेक्शन द्या, हे मी सांगणार नाही. पण तुम्हाला जी तीन वाक्यं सांगितली गेली, ती उलटसुलट करून बघायला काय हरकत आहे?

पहिलं वाक्य, पेशी स्वतःच्याच. फार गोड वाक्य आहे. घरचं तूप, घरचं लोणचं, तशा घरच्या पेशी. पण घरचं तूप आपण बिनघोर खातो ते पिढ्यान्‌पिढ्या खाऊन पाहिलंय म्हणून, नुसतं घरचं आहे म्हणून नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकनं तीन बायांच्या पोटावरच्या चरबीतून पेशी काढल्या आणि त्यांच्याच डोळ्यांत टोचल्या. तिघींची नजर गेली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पेशी ज्याच्या त्याच्याच होत्या. गुडघा म्हणजे डोळा नव्हे, आणि गुडघ्यांवरच्या नीट केलेल्या अभ्यासांत मोठी इजा क्वचितच दिसली, हेही सांगायला हवं. पण कमरेच्या हाडात जाड सुई जाणार, मग सांध्यात सुई जाणार, आणि आईंना शुगर आहे. सांध्यात जंतू शिरले तर काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. एका इंजेक्शनची गोष्ट तीन महिन्यांच्या मुक्कामावर जाते.

बरं, त्या सिरिंजमध्ये असतं तरी काय? बोन मॅरो ओढतात, मशीनमध्ये गरगर फिरवतात, हवा तो थर घेतात. त्या थराला बिलावर ‘स्टेम सेल’ म्हणायचं. प्रत्यक्षात बोन मॅरोतल्या पेशी मोजल्या, तर या प्रकारची पेशी दहा हजारांत एखादी, कधी लाखात एखादी निघते. बाकीचं सगळं रक्ताचं गणगोत. वय वाढतं तशी ही संख्या आणखी उतरते. आपल्याकडे संत्रा बर्फीच्या डब्यावर संत्र्याचं चित्र केवढं मोठं असतं! आत संत्रं किती, हे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पण बर्फी ३ लाख २० हजारांची असेल तर विचारायलाच हवं. क्लिनिकला विचारा : पेशी मोजता का, कुठे मोजता, त्याचा कागद देता का? मॅरोचा असा थर आणि प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवून, मोजून, तपासून दिलेल्या पेशी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि जाहिरातीत दोन्हींना एकच नाव असतं.

दुसरं वाक्य, गादी पुन्हा तयार होते. आमच्या विभागात येणाऱ्या बाया म्हणायच्या, ‘बाई, माह्या गुडघ्यातलं ग्रीस संपून गेलं म्हणते डॉक्टर.’ कोणी म्हणायचं गॅप गेली, कोणी म्हणायचं गादी घासली. समजायला बरं आहे, पण या बोलण्यानं एक घोटाळा होतो. वाटतं, गुडघा म्हणजे स्कूटर; ग्रीस भरलं की चालू. कूर्चेला, म्हणजे त्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ती एकदा झिजली की सहसा भरून येत नाही. तिला नसाही नाहीत, म्हणजे दुखतं ती गादी नव्हे. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, ताणलेले स्नायुबंध. ग्रेड ४ मध्ये हाडावर हाड आलेलं असतं, बऱ्याचदा पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेला असतो. आईंना सरळ उभं करून समोरून बघा, दोन गुडघ्यांच्या मध्ये मूठ जाते का? चौकटच वाकली असेल तर दाराला कितीही चांगला रंग द्या, ते घासणारच.

एक गंमत सांगते. या पेशींना ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव अर्नोल्ड कॅप्लान या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९९१ मध्ये रूढ केलं. २०१७ मध्ये त्याच माणसानं लेख लिहिला, की बाबांनो, हे नाव बदला. त्याचं म्हणणं असं, की शरीरात सोडल्यावर या पेशी स्वतः नवीन कूर्चा वगैरे बनत नाहीत. त्या आसपासच्या पेशींना रासायनिक इशारे देतात, सूज शमवायला मदत करतात. ‘स्टेम सेल’ म्हटलं की लोकांना बियाणं पेरल्यासारखं वाटतं. ज्यानं बारसं केलं त्यालाच नाव खटकू लागलं, पण आपल्याकडच्या बोर्डांवर ते अजून चकाकून राहिलंय.

आता भिशीच्या मावशी. त्यांना खरंच बरं वाटलं असेल. मी त्यांना खोटं पाडणार नाही, तुम्हीही पाडू नका. पण एक अभ्यास ऐका. मेयो क्लिनिकमध्ये झालेला. आपलं नागपूरचं मेयो रुग्णालय नाही बरं का, अमेरिकेतलं. दोन्ही गुडघे दुखणारे २५ जण घेतले. प्रत्येकाच्या एका गुडघ्यात त्याच्याच बोन मॅरोचा अर्क सोडला, दुसऱ्यात नुसतं सलाईनचं पाणी. कोणत्या गुडघ्यात काय गेलं, हे पेशंटला माहीत नाही. सहा महिन्यांनी विचारलं, तर अर्कवाला गुडघा चांगलाच सुधारला होता. आणि पाण्याचा? तोही तेवढाच. दोघांत फरक सापडला नाही. हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला.

हे कसं होतं, ते मी ३१ वर्षं पाहत आले. गुडघ्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस क्लिनिक गाठतो तो दुखणं कळसाला पोचतं तेव्हा, आणि तिथून ते आपोआप थोडं उतरतंच. त्यात मोठा खर्च केलेला, डॉक्टरांनी अर्धा तास प्रेमानं ऐकून घेतलेलं, महिनाभर जपून चालायला सांगितलेलं. या सगळ्यानं आराम पडतो, तो खराच असतो. फक्त तो पेशींच्या नावावर जमा करायचा की नाही, एवढाच वाद.

मोठा अभ्यासही झालाय. अमेरिकेतच, २०२३ मध्ये छापून आलेला, ४७५ जणांवर. काहींना स्वतःचा बोन मॅरो, काहींना स्वतःच्या चरबीतल्या पेशी, काहींना दात्याच्या नाळेतल्या पेशी आणि काहींना साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन, जे आपल्याकडे त्यामानानं किरकोळ खर्चात होतं. वर्षानंतर दुखण्यात कोणताच गट स्टेरॉइडच्या पुढे गेला नाही, आणि एमआरआयवर कोणत्याच गटाचा सांधा सुधारलेला दिसला नाही. दुसरी बाजूही लपवत नाही. २०२५ मध्ये कोक्रेन या संस्थेनं तोवरच्या चांगल्या चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांचा निष्कर्ष, की या इंजेक्शनांनी दुखणं आणि हालचाल थोडी सुधारत असेलही, पण पुरावा कच्चा आहे. म्हणजे हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पुढेमागे यातून काही निघेल, संशोधन चालूच आहे. पण ‘थोडं, कदाचित’ या मालाला ‘गादी तयार, ऑपरेशन टळलं’ हा भाव लावलेला मला पटत नाही.

कायद्याचं थोडक्यात. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकीचा वापर मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचा. चाचणी असेल तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत हवी, आणि पेशंटकडून तिचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून क्लिनिकला सरळ विचारा, ‘ही चाचणी आहे की उपचार?’ चाचणी म्हणाले तर नोंदणी क्रमांक मागा आणि ३ लाख २० हजार कशाचे ते विचारा. उपचार म्हणाले तर मान्यतेचा कागद मागा. आणखी एक प्रश्न, जो कोणी विचारत नाही : बिलावर नेमकं काय लिहिणार? बोर्डावर स्टेम सेल आणि पावतीवर ‘प्रोसिजर चार्जेस’ असं असेल, तर त्यातच काय ते समजा.

समुपदेशक मुलगी कदाचित म्हणेल, की सरकारनंच गुडघ्यासाठी स्टेम सेलला परवानगी दिली आहे. अर्धं खरं आहे. २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांनी बंगळुरूच्या एका कंपनीच्या उत्पादनाला परवानगी दिली. पण त्या पेशी दात्यांच्या बोन मॅरोमधून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या आहेत, पेशंटच्या स्वतःच्या नाहीत. शिवाय परवानगी मधल्या टप्प्यातल्या, ग्रेड २ आणि ३ च्या गुडघ्यांसाठी आहे. आईंचा डावा गुडघा त्यात बसत नाही. दुसऱ्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर आपली वरात काढायचा प्रकार झाला हा.

पीआरपी म्हणून रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शनही तुम्हाला कोणी सुचवेल. त्याचीही सलाईनच्या पाण्याशी तुलना करणारी एक चाचणी ऑस्ट्रेलियात झाली, २८८ जणांवर. वर्षाअखेर फरक दिसला नाही. इथेच थांबते.

तिसरं वाक्य, ऑपरेशन टळतं. ताई, ऑपरेशन टळणं म्हणजे जिंकणं, असं आपण केव्हा ठरवलं? आणि भाऊ म्हणतो तसं ऑपरेशन करून ‘मोकळं’ होणं, हे तरी कुठे खरं आहे? दोघांनीही आपापला शेवट आधी लिहून ठेवलाय आणि आईंना त्यात बसवताय. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की अकोल्याच्या मोठ्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ‘ती नंतर उठलीच नाही’. मला वाटतं, सगळ्या घराचा निर्णय त्या ओळीवर अडकून बसलाय. आईंना एकदा निवांत, दुपारी, मोबाइल बाजूला ठेवून विचारा : मावशीचं नेमकं काय झालं होतं? जंतुसंसर्ग झाला, हृदयाचं निघालं, की घरी आल्यावर व्यायाम करून घेणारं कोणी नव्हतं? भीतीला नाव पडलं की तिच्याबद्दल सर्जनशी बोलता येतं. ऑपरेशनची भीती आईंना आहे की तुम्हाला, हेही तेव्हाच कळेल.

माझ्या विभागातली एक गोष्ट सांगते. कॉटन मार्केटला भाजी विकणाऱ्या एक काकू यायच्या. दोन्ही गुडघे गेलेले. त्यांचं म्हणणं एकच : ‘मले पळाचं नाही बाई, दिवसभर बसता-उठता आलं पाहिजे.’ त्यांनाही कोणी तरी महागाचं इंजेक्शन सांगितलं होतं, त्यासाठी त्या पोत मोडायला निघाल्या होत्या. आम्ही त्यांना विचारलं, दुकानात बसता कशावर? जमिनीवर, गोणपाट टाकून. दिवसातून तीस-चाळीस वेळा जमिनीवरून उठायचं. संत्र्याच्या दोन रिकाम्या पेट्या एकावर एक ठेवून, त्यावर गोधडीची घडी टाकून त्यांची बैठक उंच केली. मांडीचे व्यायाम शिकवले. पहिल्या आठवड्यात त्या आम्हाला शिव्या देऊन राहिल्या होत्या. अडीच महिन्यांनी आल्या त्या पालकाच्या चार जुड्या घेऊन. गुडघे तेच होते, एक्स-रे काढला असता तर तोही तसाच आला असता. पोत मात्र गळ्यात होती.

तेव्हा आधी तीन महिने हे करून पाहा, असं मी म्हणेन. नुसतं ‘व्यायाम करा’ म्हणून कोणी करत नाही, म्हणून तपशिलात सांगते. आईंना पलंगावर पाय लांब करून बसवा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा. गुडघ्यानं गुंडाळी खाली दाबायची, मांडीचा स्नायू दगडासारखा झाला पाहिजे; हात लावून बघा. मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दोन्ही पायांना, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यानंतर खुर्चीवरून उठायचा व्यायाम : भिंतीला टेकवलेली, जरा उंच, घट्ट खुर्ची, हात छातीशी, उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसणं म्हणजे व्यायाम नव्हे. अर्ध्या मिनिटात किती वेळा होतं ते कॅलेंडरवर लिहा. आज चार वेळा झालं आणि महिन्यानं आठ वेळा, तर हा कोणत्याही रिपोर्टपेक्षा बोलका आकडा आहे. थोडं दुखेल, ते चालतं. पण रात्रभर ठणकलं किंवा गुडघा सुजला, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे सुरुवातीच्या चार-सहा खेपा जरूर घाला, नुसतं मशीन लावून घरी पाठवत असतील तर बदला.

वजनाबद्दल आईंना कोणी नीट सांगितलेलं नाही, सगळ्यांनी फक्त टोमणे मारले असणार. हिशेब असा आहे : वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरले तर वीस किलो, दर पावलाला. ७८ चे ५५ करायला कोणी सांगत नाही. ७३ झाले तरी गुडघ्याला कळतं, आणि शुगरलाही. आपल्या घरांत तेल कुठे जातं ते तुम्हाला सांगायला नको, रविवारच्या तर्रीवर तवंग किती असतो ते बघा.

हातात काठी घ्यायची आईंना लाज वाटत असेल. वाटू दे, पण घेतली तर उजव्या हातात. डावा गुडघा जास्त दुखतो तर काठी उलट्या बाजूच्या हातात, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. देशी संडास असेल तर कमोड बसवून घ्या, या आठवड्यात. माझ्या मते तुमच्या घरातला पहिला खर्च तोच असावा. दुखऱ्या दिवसांसाठी वरून चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेल डॉक्टरांना विचारून वापरा. तोंडानं घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनानं आणू नका. शुगरवाल्या, साठीच्या पुढच्या माणसाच्या किडनीला त्या महाग पडतात.

आणि तीन महिन्यांनीही आईंना रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात फिरणं जड जात असेल, तर डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन हा हरल्याचा मार्ग नाही. बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, असं २०१९ मध्ये लाखो ऑपरेशनांच्या नोंदी पाहून काढलंय. आईंचं वय धरता आयुष्यभराची सोय झाली. पण पाचांतल्या साधारण एकाला ऑपरेशननंतरही मनासारखा आराम पडत नाही, हेही भावाला सांगा. नंतरचे दोन-तीन महिने रोज रडवणारा व्यायाम असतो. तेव्हा पुण्याहून फोन करणारं नव्हे, शेजारी बसून गुडघा वाकवून घेणारं माणूस लागतं. रजा कोण काढणार, ते भावाशी आधीच बोलून घ्या. त्याआधी शुगर आटोक्यात हवी, सर्जन तिचा तीन महिन्यांचा रिपोर्ट मागतीलच. आणि मांडी घालून बसणं बहुतेक सुटतं.

पैशाचं म्हणाल, तर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली, आधी ती लाखाच्या कितीतरी वर होती. म्हणून एस्टिमेट मागताना इम्प्लांट वेगळं, रुग्णालय वेगळं, असं लिहून मागा. मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स अशा एखाद्या सरकारी रुग्णालयात एक दुसरं मत घ्या, रांगेत अर्धा दिवस जाईल, डबा घेऊन जा. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आईंना सत्तरी लागली की आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही. दोन वर्षं काढता आली तर तोही एक हिशेब आहे. काढता आली नाहीत तर त्यासाठी आईंना ताटकळत ठेवू नका.

उजव्या गुडघ्याबद्दल कोणी काहीच बोलत नाही, हे बघा. तो ग्रेड ३ आहे, अजून बरंच वाचवता येण्यासारखं आहे. सगळं लक्ष डाव्यावर आणि भार मात्र उजव्यावर.

तुमचा शेवटचा प्रश्न. एफडी मोडली नाही तर आईसाठी काही केलं नाही असं वाटेल का? ताई, बहुतेक वाटेल, काही दिवस. खर्च केला की तो दिसतो; नातेवाइकांना सांगता येतो. रोज सकाळी वीस मिनिटं आईंच्या मांडीला हात लावून पाच आकडे मोजणं कोणाला दिसत नाही. पण तुम्ही ऑफिसला निघायच्या घाईत ती वीस मिनिटं काढणार, हे ३ लाख २० हजारांपेक्षा सोपं आहे असं मला मुळीच वाटत नाही. सूट मिळायची तारीख महिनाअखेरची आहे ना? गुडघा झिजायला दहा वर्षं लागली, तो ३० तारखेची वाट बघत नाही. अशी सूट साडीच्या दुकानात शोभते.

भरलेले ५ हजार लेखी अर्ज देऊन परत मागा, पावतीची झेरॉक्स जोडा. दिले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेवढा खटाटोप नको वाटला तर सोडून द्या. फक्त ‘आता भरलेच आहेत तर’ असं म्हणून पुढचे भरू नका. भिशीच्या मावशींशी वाकडेपणा घेऊ नका. त्यांनी आपुलकीनंच सांगितलं. पुढच्या भिशीला त्यांना एवढंच विचारा, की आता जिना कसा चढता?

महालक्ष्म्यांना अजून चार महिने आहेत. सोळा भाज्या आणि पुरण एकटीनं उभ्यानं करणं धडधाकट बाईलाही होत नाही; भाज्या निवडायला, चिरायला बसून करण्याजोगी उंच बैठक करा, ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा, उभ्याचं काम वीस-वीस मिनिटांत वाटून घ्या. स्टूल कुठे ठेवायचं आणि पुरणयंत्र कोणी फिरवायचं, हे मात्र आईंनाच ठरवू द्या.